उसने चार नारळ

‘लीलावती’ची मराठीत वाखाणणी होते ती भुंग्यांसाठी, हंसांसाठी, बिळाकडे धावणाऱ्या सापावर झेपावणाऱ्या मोरासाठी. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला, त्यातला हा पहिला भाग. पण हे कौतुक ग्रंथाच्या अर्ध्या वाटेवरच थांबते. अंकशास्त्र जिथे खऱ्या अर्थाने सुरू होते त्या कुट्टक प्रकरणात भुंगे नाहीत, कमळेही नाहीत. तिथला प्रश्न असा: २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळवले, तर १९५ ने निःशेष भाग जाईल?

मला हे कोरडे उदाहरण भुंग्यांपेक्षा सरस वाटते. तिन्ही संख्यांना १३ ने भाग जातो हे दिसले की उरतात १७, ५ आणि १५. गुणक ५, भागाकार ६. पण काम इथे संपत नाही, कारण २० चालतो, ३५ही चालतो. पंधरापंधराने पुढे कितीही जा. भुंग्यांच्या प्रश्नाला एक उत्तर असते आणि ते मिळाले की वही मिटते. कुट्टकात उत्तरांची रांग लागते, आणि ती रांग का लागते हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

उलट टोकाचा नमुना अमेरिकेतला. बेन एम्स विल्यम्सची ‘कोकोनट्स’ ही कथा १९२६ साली ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये आली. पाच खलाशी आणि एक माकड बेटावर अडकतात. दिवसभर नारळ गोळा करून ढीग रचतात. रात्री एकेक जण गुपचूप उठतो, ढिगाचे पाच सारखे वाटे करतो, उरलेला एक नारळ माकडाला देतो, आपला वाटा लपवतो आणि बाकीचा ढीग पुन्हा रचून झोपतो. सकाळी उरलेल्या ढिगाचे पाच वाटे बरोबर होतात. मूळ ढीग केवढा? कथेतला एक कंत्राटदार या कोड्यात इतका गुंततो की निविदा भरायलाच विसरतो. लेखकाने उत्तर छापले नव्हते. संपादकांकडे पत्रांचा पाऊस पडला. (मालवणच्या बागायतदाराला कथेतले एवढेच खटकेल, की एका नारळावर समाधान मानणारे माकड मिळते कुठे.)

उत्तर ३१२१. हा आकडा गृहपाठाच्या वहीत लिहिला तर गुण मिळतात, कळत काहीच नाही. ढिगात शेजाऱ्याकडून चार नारळ उसने आणून टाकले की मात्र सगळे उलगडते. आता दर वेळी पाच वाटे बरोबर होतात. वाटा एका नारळाने वाढतो, आणि तो जादा नारळ म्हणजेच माकडाचा. उसने चार मागच्या ढिगात जसेच्या तसे राहतात. पाच वेळा पाचने भाग जाणारी लहानात लहान संख्या ३१२५. त्यातून उसने चार परत केले की ३१२१. सकाळी ढिगात १०२० उरतात, प्रत्येकाला २०४.

हे उसने चार नारळ म्हणजे उपपत्ती. ‘लीलावती’ रीत सांगते, उदाहरण देते. रीत का चालते हे सांगायचे काम टीकाकारांवर पडते. त्यातला मोठा टीकाकार आपल्याच किनाऱ्यावरचा. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली आणि तीत उपपत्ती दिल्या. ‘ग्रहलाघव’मुळे त्यांचे नाव पंचांगकर्त्यांच्या तोंडी राहिले, या टीकेकडे साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र पाहिलेच नाही. गृहपाठ तपासणाऱ्या शिक्षकाचे शेरे समजून आपण ती बाजूला ठेवली असावी.

खुद्द भास्कराचार्यांनी गोलाध्यायात उपपत्तीची दोन प्रयोजने सांगितली आहेत. तिच्याविना गणकाला विद्वानांच्या सभेत मान मिळत नाही, आणि तो स्वतःही निःशंक होत नाही. आपली गृहपाठाची पद्धत पहिल्यावरच उभी आहे. सभेपुरते उत्तर पूर्वी गाइडमधून उतरवता येत असे, आता फोनवर क्षणात मिळते, तेही पायऱ्यांसकट. स्वतःची शंका मात्र उतरवून घेता येत नाही. ग्रुप आणि रिंग शिकणाऱ्या मालवणच्या किंवा कणकवलीच्या विद्यार्थ्याच्या वहीत सिद्धता असते, पण बहुधा फळ्यावरून आलेली. हे चार कुठून आणले, पाच का नाहीत, असे तिच्या समासात कोणी लिहिलेले दिसत नाही.

ढिगाजवळ सहा खलाशी असतील, तर उसने किती आणावे लागतील?