रेषा सरळ करण्याची घाई

आयव्हन सदरलँड याने १९६३ साली एमआयटीला सादर केलेल्या प्रबंधात ‘स्केचपॅड’ ही प्रणाली मांडली. टीएक्स-२ या अवाढव्य संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून तो आकृत्या काढी. डावा हात बटणांवर असे. डिजिटल लेखणीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, आणि ती कौतुकाने करतात. माझे कौतुक मात्र जरा अडखळते.

कारण स्केचपॅडला हाताच्या वळणात रस नव्हता. एका बिंदूवर लेखणी टेकवून बटण दाबायचे. लेखणी पुढे सरकेल तशी रेषा रबरासारखी ताणली जाई, पण सरळच. थांबायचे झाले की लेखणीला एक झटका द्यायचा. मग या दोन रेषा समांतर हव्यात, हा कोन काटकोन हवा, अशा अटी घातल्या की यंत्र वेडीवाकडी आकृती त्यांत बसवून देई. अभियंत्याला हे वरदानच. चित्रापलीकडे काही अधिक हाती लागणार असेल तरच संगणकावर चित्र काढण्यात अर्थ आहे, हे सदरलँडने स्वतःच स्पष्ट केले होते. पुढच्यांनी ती मर्यादा विसरून नीटनेटकेपणाची सवय तेवढी उचलली.

ती सवय मला अलीकडे भोवली. पाडलेल्या आमच्या जुन्या घराचा नकाशा आठवणीतून टॅबलेटवर काढत होतो. माजघराची भिंत मुळातच पोट सुटल्यासारखी पुढे आलेली. ती नेमकी कुठे फुगली होती हे आठवायला मी क्षणभर लेखणी रोखली, आणि यंत्राने भिंत ओळंब्यात आणून ठेवली! माझे थांबणे हा त्याच्या लेखी हुकूम होता.

मार्क ग्रॉस आणि एलन यी-लुएन डो यांनी १९९६ मध्ये मांडलेली ‘इलेक्ट्रॉनिक कॉकटेल नॅपकिन’ ही प्रणाली मला म्हणूनच अधिक शहाणी वाटते. वास्तुरचनाकाराच्या पहिल्या रेघोट्या संदिग्ध असतात, आणि ती संदिग्धता त्याच्या कामाचीच असते, हे तिने धरून चालले. एखादा गोळा टेबल असेल किंवा झाड. भोवती आणखी काही उमटेपर्यंत निर्णय लांबवता येतो. ओळखण्याची क्षमता असूनही यंत्राने गप्प बसायचे, हे तंत्रज्ञांना रुचणे अवघडच.

दुसरे उदाहरण गॉर्डन कुर्टनबाख आणि बिल बक्स्टन यांच्या ‘मार्किंग मेन्यू’चे. टोरोंटोत नव्वदच्या दशकाच्या आरंभी त्यांनी यावर काम केले. लेखणी दाबून थांबलात तर तिच्याभोवती पर्यायांचे चक्र उमटते. हव्या त्या दिशेला रेघ ओढायची. सवय झाली की चक्राची वाट न पाहता नुसती रेघ ओढली तरी काम होते. नवख्याची आणि तरबेजाची हालचाल एकच असल्याने शिकणे वेगळे करावे लागत नाही. (बोरू शक्यतो न उचलता मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला ही युक्ती लगेच पटली असती.) मुख्य म्हणजे नजर चित्रावरून हलत नाही. अर्थात याला सीमा आहे: आठ पर्यायांच्या चक्रात दोन पातळ्यांपलीकडे गेले की हात चुकू लागतो, हे त्यांच्याच चाचण्यांतून दिसले. इथेही थांबण्याला अर्थ आहे, पण थांबणाऱ्याला यंत्र विचारते. त्याच्या वतीने ठरवत नाही.

केन हिंक्ली आणि मायक्रोसॉफ्टमधील त्याच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लेखणीने लिहावे, बोटांनी हलवावे अशी वाटणी केली. बोटाने छायाचित्र दाबून धरले आणि त्यावरून लेखणी ओढली, की ते सुरीने कापावे तसे कापले जाते. लोक कागद, वही, लेखणी कशी हाताळतात हे आधी निरखले, म्हणून हे सुचले. पण कागदाचा एक गुण यातही सुटतो. डिजिटल लेखणीची चूक मागे घेतली की तिचा मागमूस उरत नाही. खोडरबर इतका कार्यक्षम कधीच नव्हता.

माजघराची ती भिंत अखेर मी पाठकोऱ्या कागदावर शिसपेन्सिलीने काढली. चौथ्या प्रयत्नाला समाधान झाले म्हणून कागद उजेडात धरला. खोडलेल्या तिन्ही भिंती पुसट दिसत होत्या. त्यांतली दुसरी बरोबर होती.