धोडपची लढाई आणि सरदारांची नामावळी

पदव्युत्तर वर्गात बखर वाचावयास घेतली म्हणजे एक अनुभव हमखास येतो. प्रसंग रंगत असतो, भाषेला चढ आलेला असतो, आणि एकाएकी बखरकार सरदारांची नावे सांगू लागतो: अमुक आपल्या पथकानिशी, तमुक पागेनिशी, फलाणे बाप-लेक, शिवाय गारदी आणि तोफखाना. विद्यार्थी येथे पान उलटतो. अध्यापकही बहुधा त्यास अडवीत नाही. आमच्या वाङ्मयसमीक्षेने बखरींतील पल्लेदार वर्णने, संवाद आणि म्हणी यांचे कौतुक पुष्कळ केले. नामावळी मात्र रुक्ष म्हणून सोडून दिली. परक्या शत्रूशी झालेल्या युद्धाच्या वर्णनात हे एक वेळ चालून जाईल. पानिपतविषयक बखरींत कोण कोठे उभा होता हे वाचकाने नीट ध्यानात घेतले नाही, तरी कथेचा गाभा त्याच्या हातून निसटत नाही. परंतु जेथे मराठी फौज मराठी फौजेसमोर उभी राहते, तेथे नामावळी हीच कथा असते. कोणाचे नाव कोणत्या बाजूस लिहिले गेले, हीच तेथील मुख्य घटना होय. हे विधान नाशिककरांच्या अगदी जवळच्या एका लढाईवर पारखून पाहण्याचा येथे विचार आहे.

मुंबई-आग्रा रस्त्याने चांदवडकडे जाताना वडाळीभोईच्या सुमारास सातमाळ्याच्या रांगेत माथ्यावर खाच पडलेला एक डोंगर दिसतो. तो धोडप. या गडाच्या परिसरात १० जून १७६८ रोजी माधवराव पेशव्यांनी आपले चुलते रघुनाथराव यांच्या फौजेचा पराभव केला. दादांनी गडाचा आश्रय घेतला. गडास वेढा पडला आणि ते स्वाधीन झाले. पुढे माधवरावांच्या हयातीचा बहुतेक काळ ते पुण्यास शनिवारवाड्यात नजरकैदेत होते. लढाई म्हणून पाहिल्यास प्रकरण एवढेच. ग्रँट डफने ते मोजक्या वाक्यांत आटोपले आहे, आणि त्यात त्याची चूक आहे असे वाटत नाही. त्याच्या त्या मोजक्या वाक्यांत एक गोष्ट मात्र आहे, जी पुढील पुष्कळ विस्तृत कथनांत पातळ झालेली दिसते. दादांनी पंधरा हजारांवर फौज जमविली. दमाजी गायकवाडांनी थोरले पुत्र गोविंदराव यांच्याबरोबर काही पथके पाठविली. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड हे त्यांचे कट्टर पक्षपाती होते. आणि जानोजी भोसले येऊन मिळतील या आशेवर त्यांनी प्रथम गोदाकाठी व नंतर धोडपजवळ तळ दिला. हा सगळा तपशील त्याने दिलेला आहे.

या तीन नावांकडे टीकाकाराच्या दृष्टीने पाहावे. वरवर वाचणाऱ्यास वाटते की गायकवाड, होळकर आणि भोसले अशी तीन मोठी घराणी दादांच्या पाठीशी होती. तसे नव्हते. दमाजी स्वतः आले नाहीत. त्यांनी मुलास पाठविले. पित्याच्या वतीने आलेले पथक झुंजेल किती आणि हातचे राखील किती, हे त्या मुलाच्या शौर्यापेक्षा पित्याच्या हिशेबावर अवलंबून असते. गंगाधर यशवंतांच्या नावामागे ‘होळकरांचे दिवाण’ हे बिरूद होते, पण होळकरांचे घर नव्हते. मल्हारराव १७६६ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी मालेराव गेले. त्यानंतर दौलतीचा प्रश्न निघाला तेव्हा हेच दिवाण अहिल्याबाईंच्या विरोधात दादांशी संधान बांधून होते, आणि माधवरावांनी अहिल्याबाईंचा अधिकार मान्य करून फौजेची धुरा तुकोजी होळकरांकडे राहू दिली. म्हणजे यादीत ‘होळकर’ हा शब्द दिसत असला, तरी होळकरांची खरी फौज त्या शब्दात नव्हती. तिसरे नाव जानोजींचे. ते तर लढाईच्या वेळी पोचलेच नव्हते. एक प्रतिनिधी, एक बिरूद आणि एक वाट पाहणे, अशी ही नामावळी आहे. ती नीट वाचली तर १० जूनला काय घडले हे कळावयास लढाईच्या वर्णनाची फारशी गरज राहत नाही.

स्थळाची निवडही या यादीतूनच उलगडते. चांदवडच्या घाटाखालून खानदेश आणि पुढे माळवा, पश्चिमेस उतरले की गुजरात, पूर्वेस वऱ्हाड. तिन्ही दिशांनी येणाऱ्या पथकांनी गाठ घालावी अशी ही जागा. ती निवडण्यात दादांचे चुकले नाही. चुकला तो काळाचा हिशेब. मृगाचा पाऊस तोंडावर होता. एकदा नद्या चढल्या की छावण्या पडतात, आणि मग दसऱ्यापर्यंत वाटाघाटींस अवधी मिळतो. माधवरावांनी तो अवधी मिळू दिला नाही. जानोजींचे नाव यादीतून तळावर येण्यापूर्वीच त्यांनी तळ गाठला.

जानोजी भोसल्यांचे नाव या काळात किती वेळा जागा बदलते, हे पाहण्याजोगे आहे. १७६३ मध्ये ते निजामाबरोबर पुण्यावर चालून आले आणि शहराची लूट व जाळपोळ झाली. त्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईपूर्वी बत्तीस लक्षांच्या प्रदेशाच्या आश्वासनावर ते निजामापासून फुटले. तो प्रदेश पुष्कळसा परत घेण्यासाठी पेशव्यांनी पुढे निजामास बरोबर घेऊन त्यांच्यावरच स्वारी केली. १७६८ मध्ये ते दादांच्या आशेचे केंद्र झाले, आणि १७६९ मध्ये कनकापूरच्या तहाने त्यांना पेशव्यांच्या परवानगीवाचून फौज वाढविता येऊ नये असे ठरले. यास ‘फितुरी’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या इतिहासलेखनात हा शब्द इतका सैल वापरला गेला आहे की त्यातून काहीच उलगडत नाही. सरदाराची निष्ठा सरंजामावर उभी होती, आणि सरंजाम कोण देईल व कोण काढील हेच अशा युद्धात अनिश्चित असते. मग जानोजींसारखा सरदार जे करतो त्यास दुर्गुण म्हणण्यापेक्षा त्या व्यवस्थेचे व्याकरण म्हणणे अधिक योग्य नव्हे काय?

हे व्याकरण पथकाच्या रचनेतच आहे. पेशव्यांची स्वतःची हुजुरात निराळी आणि सरदारांची पथके निराळी. हुजुरातीतील पागेचा बारगीर सरकारच्या घोड्यावर बसतो. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. बारगिराचा घोडा पडला तर सरकारचे नुकसान. शिलेदाराचा पडला तर त्याची उपजीविका गेली. परमुलखातील स्वारीत या जोखमीची भरपाई लुटीतून होण्याची आशा असते. घरच्या युद्धात लूट कोणाची करणार? नाशिक प्रांतातील गाव लुटले, तर उद्या त्याच गावच्या वसुलावर आपली नेमणूक निघावयाची. तेव्हा शिलेदाराने अशा लढाईत अंग राखून असणे, पारडे झुकताच निघून जाणे, हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे. आपसांतील लढाया झटपट का निकालात निघतात याचे कारण मला येथे दिसते. आळेगावचे उदाहरणही असेच आहे. नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदीच्या काठी आणि नंतर आळेगाव येथे दादांची सरशी झाली, त्यांच्या मदतीस निजामाची फौज होती; माधवराव स्वतः चुलत्याच्या गोटात गेले आणि युद्ध संपले. लगोलग नेमणुका बदलल्या. प्रतिनिधिपद दादांच्या तान्ह्या मुलाच्या नावे झाले आणि त्याची मुतालकी नारो शंकर राजेबहाद्दरांकडे आली. पंचवटीतील देवालयाच्या घंटेपुरतेच ज्यांचे नाव आज नाशिककरांच्या तोंडी उरले आहे, ते हेच. १७६८ च्या प्रमुख साहाय्यकांत ग्रँट डफ त्यांचे नाव देत नाही. सहा वर्षांतल्या दोन याद्या शेजारी ठेवल्या, तर कोण आले यापेक्षा कोण आले नाही हेच अधिक बोलके ठरते.

तुलनेसाठी अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाकडे पाहावे. त्या युद्धाची दोन्ही पक्षांची अधिकृत कागदपत्रे तेथील सरकारने शंभराहून अधिक ग्रंथांत छापली. कोणती पलटण कोणत्या सेनापतीच्या हाताखाली होती हे अभ्यासकास त्यांतून शोधता येते. तेथील बहुतेक पलटणी राज्याच्या नावाने आणि क्रमांकाने ओळखल्या जात. कर्नल पडला तरी पलटण राहते, दुसरा कर्नल येतो. आमचे पथक मात्र माणसाच्या नावाचे. सरदार वळला की पथक वळते, सरदार कैद झाला की पथक घरी जाते. म्हणून त्यांच्याकडील यादी हा लढाईचा आराखडा असतो. आमच्याकडील यादी हा राजकारणाचा आलेख असतो. एक वाचण्याची पद्धत दुसरीस लागू पडत नाही.

आमच्या लेखकांनी या सामग्रीचे काय केले? वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातील पत्रे छापून पथकांच्या हालचाली वाचकापुढे उघड्या केल्या. त्या पत्रांत खर्चाची ओढ आणि स्वारांची संख्या ही चुलत्या-पुतण्याच्या भावनांपेक्षा अधिक जागा अडवितात, आणि ते स्वाभाविक आहे. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ साली मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर ग्रंथ लिहून सरंजामी पद्धतीवर ऱ्हासाचे खापर फोडले. व्यवस्थेचे वर्णन त्यांनी उत्तम केले, परंतु ती व्यवस्था स्वतःशीच लढू लागते तेव्हा काय होते, हा प्रश्न त्यांनी पुरेसा लावून धरला नाही असे वाटते. रियासतकार सरदेसायांचे निवेदन व्यक्तींच्या स्वभावावर विसंबते: दादा उतावळे आणि हलक्या कानाचे, माधवराव करारी. स्वभाव खरे असतील. पण पंधरा हजार स्वार एका माणसाच्या उतावळेपणावर पोट भरीत नाहीत.

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने १९६२ पासून माधवरावांना घरोघर पोचविले. त्या कादंबरीचा जीव एका तरुण, आजारी, कर्तव्यकठोर पुरुषाच्या मनात आहे, आणि कादंबरीकाराचा तो हक्कच आहे. कौटुंबिक कलह म्हणून ही कथा सांगण्यास भूगोलही साहाय्य करतो: दादांची आनंदवल्ली आणि माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई उत्तरायुष्यात जेथे राहिल्या ते गंगापूर, ही दोन्ही ठिकाणे एकाच गोदेच्या काठी, जवळजवळ. माझा आक्षेप कादंबरीवर नाही. कादंबरीने लावलेल्या सवयीवर आहे. वर्गातील उत्तरपत्रिकांतसुद्धा धोडप म्हणजे पुतण्याची मनोव्यथा असे लिहिलेले आढळते, आणि गोविंदराव गायकवाडांचे नाव दहांतील एखाद्या उत्तरपत्रिकेत सापडते.

यावर असे म्हणता येईल की नामावळीला इतके महत्त्व दिल्यास माधवरावांचे कर्तृत्व उणे होते. उलट आहे. जो पुरुष यादीतील प्रत्येक नावाची किंमत ओळखतो, कोण प्रत्यक्ष आहे आणि कोण केवळ कागदावर, हे जाणून पावसाच्या तोंडावर निघतो, त्याचे कर्तृत्व मनोव्यथेच्या वर्णनाने वाढत नाही. अर्थात या वाचनासही मर्यादा आहे. नामावळीत सरदार येतात, स्वार येत नाहीत. धोडपखाली उभ्या असलेल्या शिलेदारास कोणाचे अन्न खावे व कोणावर घोडा घालावा याविषयी काय वाटले, हे बखरकार सांगत नाही आणि ग्रँट डफही सांगत नाही. ती जागा रिकामी आहे. ती कल्पनेने भरू नये.

यादीचा शेवट मात्र कागदोपत्री आहे. दमाजी गायकवाड त्याच साली वारले, तेव्हा गोविंदराव पुण्यास पेशव्यांच्या ताब्यात होते. वारसा मिळविण्यासाठी त्यांना बापाच्या पक्षपाताबद्दल दंड मान्य करावा लागला, खंडणी ठरली, आणि पेशव्यांच्या चाकरीस एरवी तीन हजार व युद्धप्रसंगी चार हजार स्वार देण्याची अट मान्य करावी लागली. धोडपला ज्या नावाने दादांकडे पथके पाठविली, त्याच नावाखाली पुढे पेशव्यांकडे किती घोडे उभे राहावयाचे, याचा आकडा असा लिहिला गेला.