एका नुक्त्याचं अंतर

लखनौला उर्दू लिहायला शिकताना उस्तादांनी पाटीवर दोन शब्द शेजारी काढून दाखवले होते : ‘खुदा’ आणि ‘जुदा’. वळण तेच. वरचा नुक्ता, म्हणजे ठिपका, खाली आला, की देवाचा ‘वेगळा’ होतो. हजरतगंजच्या चर्चमध्ये नायसियाचा विश्वासांगीकार ऐकला, की मला ती पाटी आठवते.

इ.स. 325 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइननं नायसियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशपांची परिषद बोलावली. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस सांगत होता, पुत्र, म्हणजे येशू ख्रिस्त, कितीही थोर असो, तो पित्यानं निर्माण केलेला. अनादी देव एकच. देवाचं एकत्व जपण्याची त्याची तळमळ खरी होती.

परिषदेचं उत्तर म्हणजेच हा विश्वासांगीकार. त्याची रचना पाहावी. आधी येते प्रकाशाची प्रतिमा. सूर्य आहे आणि तेज अजून यायचं आहे, असा क्षणच नसतो. मग येतो क्रियापदांतला भेद : पुत्र घडवलेला नाही, जन्मलेला आहे. कुंभारानं घडवलेलं मडकं कुंभाराच्या जातीचं नसतं, पोटचं मूल मात्र आईबापांच्याच जातीचं असतं. डोळ्यांना आणि मनाला इतकं पटल्यावरच तो कोरडा शब्द येतो : ‘होमोऊसिओस’, एकाच तत्त्वाचा. पुढे 350 नंतरच्या दशकात काहींनी ‘होमोइऊसिओस’, सारख्या तत्त्वाचा, असा शब्द सुचवला. मध्ये फक्त आयोटा, ग्रीकमधलं सगळ्यात लहान अक्षर. पण ‘सारखा’ म्हटलं, की दोन झालेच.

‘होमोऊसिओस’ हा शब्द बायबलमध्ये नाही, म्हणून तेव्हाही अनेक बिशप अडखळले. पंडिता रमाबाईही अशाच अडल्या. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा, सिद्धान्त केवळ चर्च सांगतं म्हणून मान्य करायला त्यांनी तिथल्या सिस्टर जेराल्डिनना पत्रांतून ठाम नकार दिला. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक प्रमाण मागत होती. मला त्या नकारात अश्रद्धा दिसत नाही. शब्दाला इतकं जपणाराच असा अडतो. पुढे त्या मूळ हिब्रू-ग्रीकपाशी बसल्या आणि 1922 पर्यंत, म्हणजे आयुष्याच्या अखेरीपर्यंत, बायबल मराठीत आणत राहिल्या.

उस्ताद अक्षराची उंची-रुंदी नुक्त्यांनीच मोजायला शिकवायचे. बोरूचा एक ठिपका, तेच माप. नायसियाचा सगळा विश्वासांगीकारही मला तसाच, त्या एका आयोटानं मोजलेला दिसतो.