जुने गोवे : पर्यटनातील राजधानी आणि वगळलेले नगर

प्रस्तावना

ऐतिहासिक राजधानीचे दर्शन हा सुटीतील सहलीचा एक रूढ भाग आहे. कोणती स्थळे निवडली, ती कोणत्या क्रमाने दाखवली, प्रत्येक ठिकाणी किती वेळ दिला आणि तेथे काय सांगितले, या चार घटकांतून त्या नगराविषयीचे एक कथन सिद्ध होते. पुस्तकाप्रमाणे या कथनाचीही समीक्षा करता येते. महाराष्ट्रातून गोव्यात जाणाऱ्या कुटुंबांचा एक दिवस बहुधा ‘दक्षिण गोवा दर्शना’साठी राखलेला असतो. सकाळी जुन्या गोव्यातील चर्च, त्यानंतर मंगेशी आणि शांतादुर्गा, सायंकाळी दोना पावला किंवा मिरामार असा हा परिचित क्रम आहे. पोर्तुगीज राजधानीचे चित्र या दर्शनातून कसे उभे राहते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नगर आणि त्याचे अवशेष

१५१० मध्ये आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून हे शहर जिंकले. १५३० मध्ये पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेची राजधानी कोचीनहून येथे आली. पुढे रोगराईमुळे शहर ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजीला अधिकृतपणे राजधानीचा दर्जा मिळाला. तीन शतकांच्या या नगरात बाजारपेठ, धक्का, रुग्णालय, न्यायासने आणि वस्त्या होत्या. १५८० च्या दशकात येथे राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने येथील मुख्य रस्त्यावर भरणाऱ्या लिलावाचे वर्णन केले आहे. त्या लिलावात इतर मालाबरोबर गुलामांचीही विक्री होत असे.

आजच्या पर्यटकाला यातील काहीच दिसत नाही. त्याला मोकळ्या हिरवळीवर समोरासमोर उभी असलेली दोन भव्य चर्च दिसतात. १९८६ मध्ये युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, तोही ‘गोव्यातील चर्च आणि मठ’ या नावाने. त्या नावातही ‘नगर’ नाही. धर्मवास्तू टिकल्या आणि नागरी वास्तू नष्ट झाल्या, हे याचे एक कारण आहेच. तथापि जे टिकले तेच पूर्ण शहर होते असा समज करून देणे हा कथनाचा दोष आहे.

‘जुनेपणा’ची प्रतिमा

बॉम जीझस चर्चचे लालसर जांभ्या दगडातील दर्शनी रूप गोव्याच्या असंख्य छायाचित्रांतून परिचित झाले आहे. पर्यटक त्याच रूपाला प्राचीन समजतो. वस्तुतः १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीवर चुन्याचा गिलावा होता. तो विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यात आला. त्यामुळे मुळात सच्छिद्र असलेला जांभा पावसाळ्याला उघडा पडला. मांडवीच्या बाजूची व्हाइसरॉयची कमान वास्को द गामाच्या पणतूने सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारली. आजची कमान मात्र १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली आहे. ही माहिती दिल्याने वास्तूंचे मोल घटत नाही. उलट, वारसा म्हणजे प्रत्येक पिढीने केलेली निवड असते, हे पर्यटकाच्या लक्षात येते.

सेंट ऑगस्टिनच्या भग्न मनोऱ्याकडे सहलीची बस क्वचितच वळते. १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाल्यावर ही वास्तू ओस पडली. १८४२ मध्ये तिचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा काही भाग पडला. याच परिसरात जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष सापडले. भारताने ते २०२१ मध्ये जॉर्जियाला भेट दिले. शिराझ येथे १६२४ मध्ये मारल्या गेलेल्या राणीचे अवशेष मांडवीकाठी यावेत, यातून या राजधानीच्या संबंधांचा विस्तार ध्यानात येतो.

बाणस्तारीचा पूल

या दर्शनक्रमातील सर्वांत मोठी वगळणूक दोन थांब्यांच्या मध्ये आहे. जुन्या गोव्याहून निघालेली बस बाणस्तारीचा पूल ओलांडून थोड्याच वेळात मंगेशीला पोहोचते. पुलाखालील कुंभारजुव्याचा कालवा ही दीर्घकाळ पोर्तुगीज तिसवाडीची सीमा होती. पलीकडचा फोंडा महाल १७६३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला. मंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी. मंदिरांचा विध्वंस सुरू झाल्यावर १५६० मध्ये भाविकांनी हा देव प्रियोळला हलवला. त्याच वर्षी राजधानीत इन्क्विझिशन हे धर्मन्यायासन स्थापन झाले. मध्यंतरीची काही वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालू होते. ज्या सत्तेची वास्तू पर्यटकाने सकाळी पाहिली, तिच्याच धोरणामुळे दुपारचे मंदिर आजच्या जागी आहे. पण ‘चर्च’ आणि ‘मंदिर’ अशा दोन स्वतंत्र नोंदींत हा संबंध हरवतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सुटीवर आलेल्या माणसाकडून इतिहासाच्या अभ्यासाची अपेक्षा धरू नये. परंतु येथे अधिक वेळेची गरज नाही. पूल ओलांडताना चार वाक्ये पुरेशी आहेत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा निवेदनातून आजच्या गोमंतकीय ख्रिस्ती समाजाविषयी कटुता निर्माण होईल, अशी भीती व्यक्त केली जाऊ शकते. ती निराधार नाही. मात्र तिच्यावरचा उपाय मौन हा नसून संपूर्ण सत्य हा आहे. इन्क्विझिशनचा रोख मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवरच होता, म्हणजे आजच्या गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वजही त्याच्या जाचातून सुटले नव्हते. मंगेशाला आश्रय मिळाला तो फोंडा महाल त्या काळी आदिलशाहीच्या प्रभावक्षेत्रात होता. पुढे १७३९ मध्ये पेशव्यांनी देवस्थानास गाव इनाम दिले. हा सर्व तपशील एकत्र ठेवला म्हणजे इतिहासाची दोन रंगांत वाटणी करणे कठीण होते.

समारोप

जुन्या गोव्याचे प्रचलित दर्शन असत्य नाही, अपुरे आहे. त्याची सुरुवात चर्चऐवजी व्हाइसरॉयच्या कमानीपासून, म्हणजे नगरात शिरण्याच्या मूळ वाटेने केल्यास आणि तेथे जुन्या नगराचा नकाशा लावल्यास पर्यटकाला हिरवळीखालील रस्त्यांची कल्पना येईल. शेजारीच आदिलशाही वाड्याच्या दरवाजाचा अवशेष उभा आहे. पोर्तुगिजांपूर्वीही येथे नगर होते याची ती खूण आहे. मराठी पर्यटक मंगेशीला बहुधा श्रद्धेने आणि जुन्या गोव्याला कुतूहलाने जातो. या दोन्ही भावना एकाच इतिहासापर्यंत पोहोचाव्यात, एवढीच अपेक्षा या दर्शनाकडून करता येईल.