‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ : एक पुनर्विचार

काही चित्रपट तारुण्यात एक सांगतात आणि उतारवयात दुसरेच. इटालियन दिग्दर्शक जिलो पोंतेकोर्वो यांचा ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ (१९६६) हा त्यांपैकी एक होय. उमेदीच्या काळात तो प्रथम पाहिला, तेव्हा आमची सारी सहानुभूती कसबाच्या बोळांत लपणाऱ्या अली ला पॉइंतकडे होती. निवृत्तीनंतर पुन्हा पाहताना नजर खिळली ती फ्रेंच कर्नल मातियूवर.

अल्जीरिया १९६२ साली स्वतंत्र झाला. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, जेथे लढा झाला त्याच गल्ल्यांत हे चित्रण झाले. लढ्यातील एक म्होरके यासेफ सादी यांनी निर्मितीचा भार उचलला व स्वतःवरच बेतलेली भूमिकाही केली. मातियू साकारणारे ज्याँ मार्तें सोडल्यास प्रमुख भूमिकांत व्यावसायिक नट नाही. बातमीपटाची एक फूटही फीत न वापरता सारे बातमीपटासारखे भासते.

पोंतेकोर्वो यांचा पक्ष स्पष्ट आहे, परंतु ते प्रेक्षकाला सवलत देत नाहीत. कसबातील वस्तीत रात्री स्फोट होतो, ढिगाऱ्यातून मुले बाहेर काढली जातात. पुढे तीन अल्जिरियन स्त्रिया युरोपीय वेश करून बॉम्ब घेऊन निघतात. त्यांतली एक उपाहारगृहात बसून सभोवार पाहते. तेथे एक लहान मूल आइस्क्रीम खात आहे. दोन्हीकडच्या मृतांवर एकच शोकसंगीत वाजते. आपल्याकडील ‘२२ जून १८९७’ (१९७९) हा चापेकर बंधूंवरील चित्रपट येथे आठवतो. चापेकरांना आपण तसबिरीत बसवले. त्या हल्ल्यात रँडबरोबर लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला, हे वाक्य मात्र आपण घाईने वाचतो.

मातियू क्रूरकर्मा नाही. तो नाझींविरुद्ध लढलेला, सुसंस्कृत अधिकारी आहे. यातनांविषयी पत्रकार विचारतात, तेव्हा तो प्रश्न त्यांच्यावरच उलटवतो : फ्रान्सने येथे राहावे असे तुम्हांस वाटत असेल, तर त्याचे परिणामही स्वीकारा. आम्ही आयुष्यभर सरकारी नोकरी केली. ‘वरून आदेश आहे’ हे वाक्य आम्हीही उच्चारले आहे. म्हणूनच त्याचे तर्कशास्त्र आम्हांस अस्वस्थ करते. त्याच्या टिपणीत चूक सापडत नाही. चूक ज्या गृहीतकावर टिपणी उभी आहे, त्यात आहे.

दोष आहेतच. बॉम्ब नेणाऱ्या स्त्रिया फारशा बोलत नाहीत. त्यांच्या मनात शिरण्याची दिग्दर्शकाला गरज वाटली नाही. नेते लार्बी बेन म्हिदी यांच्या कोठडीतील मृत्यूची सरकारी हकीकत, आत्महत्येची, पत्रकारांपुढे ऐकवून कथा पुढे सरकते. फ्रेंच सैनिकांनीच त्यांना मारले, ही कबुली फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी दिली ती २०२४ साली.

१९५७ मध्ये संघटनेची शेवटची फळी मोडते आणि लष्कर जिंकते. डिसेंबर १९६० मध्ये मात्र कोणी न बोलावलेला जनसमुदाय रस्त्यावर लोटतो. २००३ साली इराकप्रकरणी अमेरिकेच्या पेंटागॉनने हा चित्रपट आपल्या अधिकाऱ्यांना दाखविला. त्यांनी मातियूची पद्धत पाहिली की अखेरचा तो जमाव, हे आम्ही सांगू शकत नाही. वाचकांनी मात्र अखेरपर्यंत बसावे, एवढी विनंती.