पेंटर, बाबूराव

(३ जून १८९०–१६ जानेवारी १९५४). कोल्हापूरचे श्रेष्ठ चित्रकार, मूर्तिकार आणि मूकपटांच्या काळातील अग्रगण्य दिग्दर्शक. पूर्ण नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म कोल्हापूर येथे, परंपरागत कारागिरी करणाऱ्या कुटुंबात. कलाशाळेतील शिक्षण त्यांना लाभले नाही. वडिलांची हस्तकला आणि नात्याने बंधू असलेले चित्रकार आनंदराव मेस्त्री यांचा सहवास, हीच त्यांची शाळा होय.

या दोघा बंधूंनी नाटक मंडळ्यांसाठी रंगविलेल्या पडद्यांमुळे त्यांना कीर्ती व ‘पेंटर’ हे नाव मिळाले. पडद्याच्या सपाट कापडावर राजवाडा, अरण्य वा नदीकाठ यांची खोली भासवावी लागते आणि दिव्यांच्या उजेडात ती दूरच्या प्रेक्षकालाही जाणवावी लागते. छायाप्रकाशाच्या योजनेने अवकाश निर्माण करण्याचे हे शिक्षण बाबूरावांच्या पुढील सर्व कलाकृतींचे मूळ आहे.

आनंदरावांच्या निधनानंतर (१९१६) बाबूरावांनी चलच्चित्रणाचा कॅमेरा सिद्ध केला व महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. ‘सैरंध्री’ (१९२०) हा तिचा पहिला चित्रपट. वेशभूषा व दृश्ये यांची रेखाटने ते आधी स्वतः करीत. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) कर्जापायी जमीन गमावून शहरात मजूर झालेल्या शेतकऱ्याचे दैन्य वास्तव रूपात दाखविले. चित्रपटांच्या सचित्र जाहिरातींनाही त्यांनी कलात्मक दर्जा दिला. व्ही. शांताराम, दामले व फत्तेलाल हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

बाबूराव चित्रकला सोडून चित्रपटाकडे वळले, हा समज मात्र अपुरा आहे. चित्रपट हा त्यांच्या दृष्टीने चित्रकलेचाच विस्तार होता. कथेच्या बांधणीपेक्षा दृश्याची रचना आणि छायाप्रकाश यांवर त्यांचा भर असे. त्यांच्या चित्रपटांचे सामर्थ्य त्यात आहे, तशी मर्यादाही. बोलपटांच्या काळात ते मागे पडले याचे एक कारण येथे सापडते. ‘उषा’ (१९३५), ‘प्रतिभा’ (१९३७) इ. बोलपट त्यांनी दिग्दर्शित केले. तथापि मूकपटांतील त्यांचे अग्रस्थान पुढे टिकले नाही.

त्यांच्या तैलचित्रांत पौराणिक विषय व व्यक्तिचित्रे यांना प्राधान्य आहे. पाश्चात्त्य वास्तववादी तंत्र आणि भारतीय विषय यांचा मेळ राजा रविवर्मा यांनी घातला होता. बाबूरावांनी तोच मार्ग पत्करला. मात्र ठसठशीत तपशिलाऐवजी एकमेकींत विरघळणाऱ्या सौम्य रंगच्छटांवर त्यांनी भिस्त ठेवली. ‘जलवाहिनी’ या प्रसिद्ध चित्रात पाणी वाहून नेणाऱ्या स्त्रीच्या साध्या विषयाला त्यामुळे काव्यात्म भाव प्राप्त होतो. त्यांच्या पौराणिक चित्रांत रंगमंचावरील मांडणीचा अंश कधीकधी उरतो. व्यक्तिचित्रांत तो नाहीसा होऊन मनुष्यस्वभावाचे दर्शन घडते. म्हणूनच व्यक्तिचित्रे अधिक टिकाऊ वाटतात. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातील शिवछत्रपतींचा अर्धपुतळा त्यांच्या मूर्तिकलेची साक्ष देतो.

नाटकांचे पडदे मुळातच अल्पायुषी. कंपनीचे बहुतेक मूकपटही नष्ट झाले आहेत. त्यामुळे चित्रपटमहर्षी म्हणून गौरविल्या गेलेल्या या कलावंताच्या दृष्टीचा प्रत्यक्ष पुरावा आज मुख्यतः त्याच्या चित्रांत व शिल्पांतच उरला आहे. आबालाल रहिमान यांच्यानंतर कोल्हापूरच्या चित्रपरंपरेला स्वतंत्र वळण देणारा चित्रकार म्हणून त्यांचे मूल्यमापन त्या आधारेच करणे इष्ट ठरते.