डोंगर: देखावा की वारसा?

प्रादेशिक कादंबरीतील डोंगर बहुधा नाटकातल्या पडद्यासारखा असतो. पात्रे त्याच्यापुढे वावरतात. तो मात्र मागे अबोल टांगलेला राहतो. रेमंड विल्यम्स (१९२१–१९८८) या वेल्श लेखकाच्या दोन कादंबऱ्यांत डोंगराला याहून निराळे स्थान लाभले आहे.

वेल्सच्या पूर्वसीमेवर ‘ब्लॅक माउंटन्स’ ही पर्वतराजी आहे. तिच्यातील हॅटरल या लांबलचक डोंगरधारेवरून वेल्स व इंग्लंड यांची हद्द जाते. पश्चिमेच्या खोऱ्यात लॅन्थनीच्या बाराव्या शतकातील मठाचे भग्नावशेष आहेत. पूर्वेस हेरफर्डशायरची शेते पसरली आहेत. विल्यम्स यांचा जन्म पायथ्याच्या पँडी या गावचा. वडील रेल्वेत सिग्नलमन.

‘बॉर्डर कंट्री’ (१९६०) या कादंबरीचा नायक मॅथ्यू प्राइस लंडनमध्ये अध्यापक आहे. वडील आजारी पडल्याने तो गावी येतो. तेथे त्याला सारे ‘विल’ म्हणतात. खाणींच्या खोऱ्यांकडे झालेल्या स्थलांतराचा तो अभ्यास करीत असतो. परंतु स्वतःच्या स्थलांतराचा हिशेब त्याला आकड्यांत मांडता येत नाही. घरचे नाव एक, बाहेरचे दुसरे, एवढ्या साध्या तपशिलात लेखकाने सीमेचा सारा अर्थ साठविला आहे. प्रांताबाहेर आयुष्य काढणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांस तो परका वाटू नये.

‘पीपल ऑफ द ब्लॅक माउंटन्स’ ही अपूर्ण कादंबरी मरणोत्तर, १९८९ व १९९० साली, दोन खंडांत प्रसिद्ध झाली. ग्लिन हा तरुण रात्री डोंगरावर आजोबांना शोधीत हिंडतो, आणि हिमयुगातील शिकाऱ्यांपासून मध्ययुगापर्यंतच्या माणसांच्या कथा उलगडत जातात. तीत दोष आहेत. कित्येक पात्रे केवळ आपल्या युगाची प्रतिनिधी होऊन बसतात. इतिहासकार कादंबरीकारावर मात करतो. याच परिसरावरील ब्रूस चॅटविन यांची ‘ऑन द ब्लॅक हिल’ (१९८२) ही कादंबरी अधिक रेखीव आहे. तिच्यातील जुळे भाऊ जवळजवळ सारे आयुष्य एकाच शेतावर घालवितात. परंतु तेथे डोंगरावरचा काळ थबकल्यासारखा वाटतो. विल्यम्स यांच्या कादंबरीत तो वाहता आहे; शिकारी, मेंढपाळ, दास यांच्या कष्टांनी डोंगर घडत जातो.

भग्न मठाची शोभा पाहून परतणाऱ्यास डोंगर हा देखावा वाटतो. ही भूमी कोणाच्या श्रमाने राखली गेली, असे विचारणाऱ्यास तो वारसा म्हणून लाभतो. मग तो तेथे राहणारा असो वा दूर गेलेला. हा प्रश्न विचारण्याचे धैर्य विल्यम्स यांच्या अपुऱ्या ग्रंथात आहे. म्हणूनच, सर्व दोषांसह, तो मला अधिक मोलाचा वाटतो.